तारेचा डावा पीळ

ट्रॅक्टर नुसत्या ओढण्याच्या शर्यतीतही उतरतो, हे मला ऑफिसात बसून कळलं. आमच्या आयटी कंपनीचं परदेशी गिऱ्हाईक शेतीची यंत्रं बनवायचं आणि तिकडचा एक साहेब सुट्टीच्या दिवशी आपला ट्रॅक्टर घेऊन स्पर्धेला जायचा. त्याने फोटो पाठवले. काळ्या धुराचा लोट, पुढची चाकं हवेत. एका ट्रॅक्टरला तर चक्क विमानाचं इंजिन बसवलेलं. मागे जी घसरगाडी ओढायची, तिच्यावरचं वजन हळूहळू पुढे सरकतं आणि दर पावलाला ओढणं जड होत जातं. मी मेकॅनिकल शिकून कॉम्प्युटरपुढे येऊन बसलेली मुलगी. एवढी ताकद येते कुठून, या प्रश्नाने मला जेवण गोड लागेना.

उत्तर देणारा माणूस घरातच होता. स्वारगेटच्या मागच्या गल्लीत बाबांचं डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान होतं. हा पंप इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला मोजून डिझेल पाजतो. बाबा तो बेंचवर चढवून मोटरने फिरवायचे आणि काचेच्या नळ्यांत पडणारं डिझेल डोळे बारीक करून वाचायचे. माप जमलं की डिझेलची मर्यादा ठरवणारा स्क्रू घट्ट करायचा, त्यातून तार ओवून तिला तीन पीळ द्यायचे, टोकाला शिशाची गोळी लावायची आणि पक्कडीने तिच्यावर ठसा उठवायचा. ठशात आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर. सील मारल्याशिवाय पंप बेंचवरून खाली उतरत नसे. दहावीच्या सुट्टीपासून मीही सील मारत आले होते. मी डावखुरी, त्यामुळे माझा पीळ उलटा पडे. "गिऱ्हाइकाला वाटेल पंपच उलटा फिरतो," असं म्हणून बाबा तो सोडवून पुन्हा उजवीकडे घालायचे.

मी फोटो दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा लावून सगळे नीट पाहिले.

"जास्त डिझेल, जास्त हवा," ते म्हणाले. "आणि इंजिन फुटलं तर हसण्याची तयारी."

त्याच सुमारास मामा आला. शहराच्या पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला त्याचं गाव. त्याची शेती आयटी पार्कच्या कुंपणाआड गेली होती आणि ट्रॅक्टर तेवढा बाहेर राहिला होता. गावात अशा बिनशेताच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, म्हणून यात्रेत त्यांच्या ओढीच्या शर्यती सुरू झाल्या. ट्रॅक्टरमागे जाड लोखंडी पत्रा बांधायचा, त्याला फळी म्हणत. ट्रॅक्टर पुढे सरकेल तशी दर दहा पावलांवर दोन माणसं फळीवर चढायची. मी थक्कच झाले. परदेशात जे काम सरकत्या वजनाने व्हायचं, ते इथे गावकरी स्वतः उभं राहून करत होते.

"दाजी, वाईच डिझेल वाढवून द्या की," मामाने पोत्यातून पंप काढून बाबांपुढे ठेवला. "दोन वर्सं झाली, पार शेवटून नंबर येतूय."

"अहो, मग पत्र्यावर कमी जेवणारी माणसं उभी करा," बाबा म्हणाले. पंप त्यांनी साफ केला, पण माप होतं तेच ठेवलं. शर्यतीत साध्या ट्रॅक्टरांच्या गटाला डिझेल वाढवायची बंदी, म्हणून पंपाचं सील शाबूत लागे. बाबांचं सील असेल तर यात्रेची समिती पुढे काही बघतच नसे. बाबांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण यात्रेत मामाच्या गावचे लोक 'दाजी, बसा' म्हणत त्यांना खुर्ची देत तेव्हा त्यांची मान जरा ताठ व्हायची.

रविवारी बाबा एका साखरपुड्याला गेले. मामा पंप न्यायला यायचा होता. दुकानात मी, पंप आणि माझा प्रश्न. मामाची दया वगैरे काही आली नव्हती, खोटं कशाला सांगू? मला फक्त बघायचं होतं. मी तार कापली, स्क्रू फिरवला, बेंच सुरू केला. नळ्या पाव भाग जास्त भरल्या. इतका आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता. मग नळ्या रिकाम्या केल्या, तार ओवली, गोळी लावली आणि ठसा मारला. पंप बेंचवरून उतरवायचा म्हणजे सील मारायचं, एवढंच हातांना माहीत होतं. आपण काय करून बसलो ते मामाची जीप वळल्यावर माझ्या ध्यानात आलं. बाबांना सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

यात्रेत समितीचे म्हातारे अध्यक्ष प्रत्येक ट्रॅक्टरशी वाकून सील बघत होते. मामाच्या पंपावरचं अक्षर दिसताच ते म्हणाले, "दाजींचं हाय. फुडं."

मामाचा ट्रॅक्टर असा निघाला की लोक ओरडायला लागले. फळीवर दोन माणसं चढली, चार, आठ. धूर काळाकुट्ट झाला. मी माणसं मोजत होते आणि मनातून, लाज वाटते सांगायला, खूश होते. बारा माणसं झाली आणि आतून ठण्णकन आवाज आला. ट्रॅक्टर जागच्या जागी बसला. पिस्टनला भोक पडलं होतं.

एवढा काळा धूर जादा डिझेलचाच, सगळे समजायचं ते समजले. अध्यक्षांनी बाबांना बोलावलं. "दाजी, सील तुमचंच न्हवं?"

बाबा वाकले. त्यांनी गोळी पाहिली, मग तार बोटांत धरली. पीळ डावा होता. मी शेजारीच उभी होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझंच आहे," ते म्हणाले.

मामाला बाद केलं. बाबांना त्या दिवशी कुणी खुर्ची दिली नाही. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

परतीची बस स्वारगेटला लागली. उतरताना बाबा म्हणाले, "किती ठेवलं होतंस?"

"पाव भाग जास्त."

"आणि हवा कुठून आणणार होतीस?" ते चालायला लागले. "डिझेल वाढवलंस, हवा तेवढीच. जळणार कसं ते? इंजिन तापणारच." थोडं पुढे जाऊन ते थांबले. "बारा माणसं ओढली पण." त्यांच्या आवाजात माझंच कुतूहल होतं. रडूच यायला लागलं मला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षी समितीने नियम केला: दाजींचं सील असेल तर तोडून तपासायचं. मला वाटलं बाबा जाणार नाहीत. ते गेले. पिशवीत पक्कड, तार, गोळ्या आणि स्क्रूची उंची मोजायची पट्टी. भर उन्हात जमिनीवर बसून त्यांनी पहिल्या ट्रॅक्टरवरचं आपलं सील स्वतःच कापलं. अध्यक्षांनी पट्टी लावली. माप बरोबर होतं. बाबांनी हात पुसले आणि पक्कड माझ्यापुढे धरली.

"तू मार."

उजवा पीळ मला घालता आला असता. मी डावा घातला, तीन वेळा, आणि ठसा मारला.

अध्यक्ष तारेकडे बघत राहिले. "ही तार उलटी हाय."

"मागच्या वर्षीचीही अशीच होती," मी म्हणाले. "ते सील मी मारलं होतं. स्क्रूही मीच फिरवला होता. बाबांना माहीत नव्हतं."

मामा खाली बघायला लागला. बाबा पिशवीत गोळ्या चाचपत होते, जणू आमचं बोलणं त्यांच्या कानावरच पडलं नव्हतं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि उठून ते पुढच्या ट्रॅक्टरपाशी गेले. त्यावरही आमचंच अक्षर होतं. बाबा माझ्या हातातली पक्कड घेऊन तेही सील कापायला मागोमाग गेले. अध्यक्षांनी वाकून तारेच्या उजव्या पिळावरून बोट फिरवलं आणि बाबांचा पक्कड धरलेला हात बाजूला केला.

"फुडं," ते म्हणाले.