भांड्यावानी घासा, मावशी

केजच्या एसटी स्टँडसमोर वैजिनाथचं सीडीचं दुकान होतं, आणि गड्याला आपल्या हाताचा लई गर्व. घराघरांत सीडी प्लेअर आले तशा ओरखडलेल्या डिस्कही आल्या. अडकणारी डिस्क घेऊन कुणी आलं, की हा तिच्यावर टूथपेस्ट लावायचा, मधून काठाकडं सरळ पुसायचा, वर केळीची साल फिरवायचा. अगदीच हट्टी असली तर शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीजमध्ये घटकाभर ठेवायचा. निम्म्याअर्ध्या चालायच्या. चालली, की कपाळावरच्या भस्मासकट असा फुगायचा, जसं काय मेलेलं माणूसच उठवलंय!

दगडाबाई मेलेल्या माणसासाठीच यायची. तिचा नवरा बंकट मेंढ्या राखायचा. उभ्या जन्मात फोटोला उभा राहिला नाही. एकदाच सुंदरराव आडत्याच्या पोराच्या वरातीत ढोल वाजवायला गेला आणि व्हिडिओत सापडला. पुढं चौसाळ्याजवळ ट्रकनं त्याला मेंढ्यांसकट चिरडलं. सुंदररावांनी लग्नाची जादाची डिस्क बाईच्या हातावर टेकवली. दर बाजाराला ती डिस्क पदरात गुंडाळून आणायची. वैजिनाथ पुसून लावायचा आणि टीव्हीकडं पाठ करून गिऱ्हाईक बघायचा. बाई उंबऱ्यात बसून बंकटचा ढोल बघायची, डोळे टिपायची आणि जायची. पैसे तो घेत नसे, तेवढा भला होता.

एका बाजारी दुकानात ही गर्दी, आणि डिस्क नेमकी ढोलापाशी अडकली.

"आप्पा, म्होरं सरकंना बगा," दगडाबाई म्हणाली.

"मावशी, दर बाजारी काय डोकं खाता? घरी भांडी घासता न्हवं? भांड्यावानी घासा. हाय काय अन् न्हाई काय!"

गिऱ्हाईकं हसली. हाही हसला. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काय उगीच?

पुढच्या बाजाराला बाई आली ती हरखूनच. राख आणि काथ्या घेऊन तिनं डिस्क दोन्ही अंगांनी घासली होती. ज्या चंदेरी थरात सगळं चित्र असतं, तोच खरवडून निघाला होता. तिनं डिस्क डोळ्यापुढं धरली. "बगा आप्पा, आरपार दिसतंय! येक वरखडा ठिवला न्हाई."

दुकानातल्या हरेक मशीनमध्ये वैजिनाथनं ती घालून बघितली. सगळीकडं निळा पडदा. भर बाजारात दुकान टाकून तो सुंदररावांकडं पळाला. तिथं मूळ कॅसेटवर पोरांनी क्रिकेटची मॅच भरली होती, आणि घरातली डिस्क पाखरं हाकलायला ज्वारीत टांगली होती, ती उन्हानं जळून गेली होती. मोठ्यांची लग्नं अशी, अन् गरिबाचा जीव त्यात अडकलेला!

परत येऊन तो खालमानेनं म्हणाला, "मावशी, गेलं सगळं. माझ्या जिभेनं गेलं."

बाईनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती डिस्क पदरानं पुसत बसली.

"तुमी सांगितलं तसंच केलं की, आप्पा," ती म्हणाली. मग डोळे वर करून तिनं विचारलं, "तुमी तर दर बाजारी बगितलंय न्हवं त्यास्नी? माझ्या डोळ्याला पानी यायचं, नीट दिसायचंच न्हाई. ढोल वाजवताना हसत व्हते का वो ते?"

इतक्या वेळा ती डिस्क पुसली होती वैजिनाथनं, पण मान वळवून एकदाही बंकटचं तोंड बघितलं नव्हतं.