चाचांचं चावडर

लांब दांड्याचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, कानाला लावला की दुनियेतल्या कुठल्याही दुखण्याचं निदान करता येतं, अशी गाढ श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो माझा घरमालक होता. शिक्षिका म्हणून दिग्रसला बदली झाली तेव्हा त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या आणि सात वर्षं तिथं राहिले. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. चाचांची उभी नोकरी एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेली होती. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात पस्तीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला खरं तर शेजारी फटाका फुटला तरी कळू नये. पण चाचांच्या कानांना उलट धारच लागली होती. निवृत्त होऊन ते घरी आले ते हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा पेचकस घेऊन. त्याचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि जरा वेळानं निकाल सांगायचा. माझी स्कूटर, पाण्याची मोटर, गल्लीतले यच्चयावत फ्रीज आणि कूलर या तपासणीतून गेले होते. "बेरिंग गेलं, मॅडम," एवढंच ते म्हणत. पण अशा स्वरात, की घरातलंच कुणी गेलं असं वाटावं.

माणसांनाही त्यातून सूट नव्हती. माझी आई नाशिकहून पहिल्यांदा आली आणि जिना चढू लागली, तेव्हा चाचा अंगणात दाढी करत बसले होते. आरशातून मान न वळवता त्यांनी सांगितलं, "उजवा गुडघा. ग्रीस संपलं." आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे पाहून उजव्या गुडघ्यावर बोट ठेवलं, तेव्हा मात्र तिनं चाचांना घरचा चिवडा पाठवला. एकदा मला आठवडाभर खोकला होता, तर हे गृहस्थ पेचकस घेऊन जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे! "एकच मिनिट मॅडम, आवाज कुठून येते तेवढं पाहतो." आतून चाचींचा आवाज आला, "अजी, मॅडम आहे ते, मोटर नाही!" म्हणून मी वाचले.

चाचींचा आवाज हा त्या घरातला दुसरा मोठा ऐवज. पहाटे उठल्यापासून त्यांचं बोलणं सुरू व्हायचं आणि एका विषयातून दुसऱ्या विषयात असं वाहत जायचं, की सकाळी कांद्यापासून निघालेली गोष्ट दुपारपर्यंत यवतमाळच्या मावसबहिणीच्या लग्नात पोचलेली असे. चाचा मान डोलवत आपलं काहीतरी खोलत बसायचे. मी एकदा विचारलं, "चाचा, तुम्ही ऐकता का हो हे सगळं?" ते म्हणाले, "शब्द नाही आइकत. आवाज आइकतो. चालू मशीनचा आवाज राहतेच ना. बंद पडली तर घाबरायचं."

स्वयंपाकघरात मात्र त्यांना बंदी होती. त्याला कारणही तसंच घडलं होतं. एकदा चाची शेजारी जाताना सांगून गेल्या, की कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. परत येऊन पाहतात तर गॅस दुसऱ्याच शिट्टीला बंद केलेला, कुकरची शिट्टी वर्तमानपत्रावर सुटी करून मांडलेली आणि भात कच्चा. दुसरी शिट्टी पहिलीपेक्षा बसकी वाजली, असं चाचांचं म्हणणं होतं. तेव्हापासून चहासुद्धा त्यांना उंबऱ्याबाहेर मिळायचा.

अशात एका पावसाळ्यात चाची गच्चीवरून कपडे घेऊन उतरताना ओल्या पायरीवरून घसरल्या आणि हनुवटीवर आपटल्या. जबडा मोडला. यवतमाळच्या डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारांनी एकत्र बांधून टाकले आणि सांगितलं, की सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. नळीतून पातळ पदार्थ प्यायचे, बोलणं बंद. ही बातमी गल्लीत पोचली तेव्हा, खोटं कशाला सांगू, चार घरांत लोक हसले. एक जण चाचांना म्हणालासुद्धा, "चाचा, सहा हप्ते आराम!" चाचा त्याच्याकडे बघतच राहिले.

मी शाळेतून एक पाटी आणि पेन्सिलींचा खोका आणून दिला. चाचींचं शिक्षण मराठी शाळेत चौथीपर्यंत झालेलं, पण पहिल्याच दिवशी त्यांनी पाटीच्या दोन्ही बाजू सात वेळा भरल्या. त्यानंतर हळूहळू लिहिणं कमी झालं, कारण खाणं थांबलं होतं. वरणाचं पाणी नको, पेज नको, दूध तर नकोच. ठसकेदार जेवणावर वाढलेला जीव तो. नुसतं मीठ घातलेलं पाणी गळ्याखाली उतरेना. दहा दिवसांनी डॉक्टरांनी वजन करून पाहिलं आणि चाचांना बाजूला घेऊन सांगितलं, की असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा चाचा पायरीवर बसले होते. "मॅडम," ते म्हणाले, "घरात पंखा फिरते, मोटर चालते, सगळं चालते. पण घर बंद पडल्यावानी वाटून राह्यलं." पाटी त्यांच्या मांडीवर होती. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "मले भुट्टा पाह्यजे."

मक्याचे दिवस होते. निखाऱ्यावर भाजलेला, लिंबू आणि तिखट-मीठ चोळलेला भुट्टा हा चाचींचा जीव की प्राण. तारांनी बांधलेल्या तोंडानं भुट्टा कसा खाणार, यावर चाचांनी रात्रभर नव्हे, पण अर्धा तास तरी पेचकसाशिवाय विचार केला, आणि मग नागपूरला हॉटेलातला स्वयंपाक शिकणाऱ्या नातीला फोन लावला. फोन अंगणात, स्पीकरवर. त्यामुळे मीही ऐकत होते.

"नाना, तुम्ही कॉर्न चावडर बनवा."

"मक्याची पावडर? ते कुठं भेटते?"

"पावडर नाही नाना, चावडर! घट्ट सूप असते दुधातलं. मका, बटाटा, गाजर, कांदा टाकायचा. नानीसाठी बारीक दळून गाळून घ्या. दाणे काढलेले भुट्टे फेकू नका, ते उकळून त्याचंच पाणी घ्या."

चाचांनी हे सगळं जुन्या कॅलेंडरच्या मागं स्पेअर पार्टच्या यादीसारखं क्रमांक घालून लिहिलं आणि त्या बंदीनंतर पहिल्यांदा, स्वतःच्या घराच्या स्वयंपाकघरात, चपला बाहेर काढून प्रवेश केला.

पहिल्या प्रयोगात दाण्यांची सालं नळीत अडकली. "फिल्टर चोक झाला," चाचा म्हणाले आणि चाचींची एक जुनी मऊ ओढणी धुऊन गाळणीला आली. दुसऱ्या वेळी त्यांना आठवलं, की भुट्ट्याला लिंबू लागतंच. ते त्यांनी उकळत्या दुधात पिळलं. दूध फाटलं आणि चावडरचं मक्याचं पनीर झालं. ते मी दोन दिवस पोळीशी खाल्लं. बिघडलेला प्रत्येक माल माडीवर यायचा, हे ठरूनच गेलं होतं. खालून पाण्याच्या पाइपावर तीनदा ठोकल्याचा आवाज आला, की मी समजून वाटी घेऊन उतरायची. तिसऱ्या वेळी घट्टपणासाठी घातलेली कणीक जास्त झाली. त्या खळीनं पुस्तकांची कव्हरं चिकटवता आली असती. चौथ्या वेळी मात्र ते झाकणाला पेचकस टेकवून, कान लावून उभे होते. "आइका मॅडम," ते कुजबुजले, "पाणी 'खळखळ' करते. बटाटा विरघळला की 'बदबद' करते. 'बदबद' झालं की बंद." मी कान लावला. मला दोन्ही सारखंच ऐकू आलं, पण मान डोलवली. अशा वेळी डोलवावी लागते.

चौथं चावडर खरोखर चांगलं झालं होतं. गाजर, फरसबी, कोवळा दुधी, लसणाची एकच पाकळी, वर मिऱ्याची पूड. चाचींनी दोन घोट घेतले, पेला बाजूला ठेवला आणि पाटीवर लिहिलं, "भुट्टा नाही हे." चाचांनी ते वाचलं, पुसलं आणि ते बाहेर पायरीवर जाऊन बसले.

त्या दिवशी दुपारी घरात धूर आला म्हणून मी धावत खाली आले. चाचा अंगणात जुनी शेगडी पेटवून, रुमालानं नाक झाकून, आठ भुट्टे भाजत बसले होते. उकडलेल्या मक्याला भुट्ट्याचा वास नसतो, ही साधी गोष्ट तिथंच पायरीवर बसून त्यांच्या ध्यानात आली होती. भाजलेल्या कणसांचे काळे ठिपके पडलेले दाणे त्यांनी सुरीनं खरवडले, रिकामी कणसं उकळून पाणी केलं, भाज्या शिजवून, दळून, ओढणीतून गाळून दूध घातलं, 'बदबद' ऐकलं आणि गॅस बंद केल्यावर, पेल्यात ओतल्यावर, वरून चार थेंब लिंबू आणि चिमूटभर तिखट. चाचींनी नळी तोंडाला लावली. मग डोळे मिटले. पेला रिकामा होऊन नळीतून खुर्रर्र आवाज आला, तेव्हा चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बंद पडलेली अख्खी जिनिंग त्यांनी एकट्यानं सुरू केली असावी. "छान झालं ना?" त्यांनी विचारलं. चाचींनी पाटीवर लिहिलं, "छान."

त्यानंतर रोज दोन वेळा चावडर आणि रोज दोन वेळा "छान झालं ना?" गल्लीला तो शब्द काही पेलला नाही, ती त्याला 'चावडी' म्हणू लागली. वासानं शेजारणी वाट्या घेऊन यायच्या आणि चाचांना पाककृती विचारायच्या. कालपर्यंत चहाही उंबऱ्याबाहेर घेणारा हा माणूस आता उंबऱ्यात उभा राहून बायकांना सांगायचा, "घाई नाही करायची. आवाज आइकायचा."

सहा आठवड्यांनी तारा काढायला आम्ही तिघंही यवतमाळला गेलो. चाची बाहेर आल्या तेव्हा तोंड जेमतेम एक बोटभर उघडत होतं. चाचा बाकावरून उठून समोर जाऊन उभे राहिले. सहा आठवड्यांचं साठलेलं बोलणं आता कुठून सुरू होणार, म्हणून मी श्वास रोखला. चाचींनी जबडा हातानं सावरला आणि त्या सावकाश म्हणाल्या, "मीठ कमी राह्यत होतं."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून. मीठ कमी."

"मग पाटीवर काहून नाही लिहिलं?"

"तुम्ही रोज विचारत होते," चाची म्हणाल्या, "छान झालं ना, छान झालं ना. कसं लिहू?"

 चाचांनी खिशातून रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसला. चष्मा डोळ्यांवरच होता.

पुढचे दोन महिने मऊ खाणं होतं आणि चावडर हळूहळू जाडंभरडं होत गेलं. भाज्यांच्या फोडी किती मोठ्या असाव्यात, हे चाचांनी नट आवळायच्या पान्यांच्या नंबरांवर ठरवलं होतं. सुरुवात आठ नंबरनं. आठवडाभरानं जाहीर झालं, "उद्यापासून दहा नंबरचा बटाटा." दसऱ्याच्या सुमारास बारा नंबरचं गाजर आलं, मक्याचे दाणे अख्खे पडू लागले आणि त्या दिवशी चाची कांद्यापासून निघून मावसबहिणीच्या लग्नापर्यंत पोचल्या. चाचा स्टूलवर बसून, डोळे मिटून, शब्द न शब्द ऐकत होते.

आता मी उमरखेडला असते. मक्याच्या दिवसांत ते चावडर करते, मीठ बरोबर घालते आणि घरचे आवडीनं खातात. पण खाताना माझं लक्ष उगीचच खालच्या मजल्याकडे जातं. तिथं एक औषधाचं दुकान आहे.

दिग्रसहून माझ्या बदलीचा आदेश आला होता तो मे महिन्यात. मी निघाले त्या सकाळी चाचा घरी नव्हतेच. दारव्ह्याला कुणाची तरी मोटर पाहायला गेले, असं चाचींनी सांगितलं आणि नजर चुकवली. त्या एकट्याच स्टँडवर आल्या, बस हलेपर्यंत बोलत राहिल्या आणि बस हलल्यावरही. पुसद रस्त्यावर गाव संपतं तिथं ड्रायव्हरनं अचानक ब्रेक दाबला. कडेच्या कडुनिंबाखाली एक म्हातारा हात वर करून उभा होता. कंडक्टरनं दार उघडून विचारलं, "कुठं जायचं बाबा?" चाचा गडबडले. "मले नाही जायचं," ते म्हणाले, "तुम्ही जा. आरामात न्या." कंडक्टरनं चिडून घंटी मारली. मी खिडकीची काच सरकवायला गेले, तर ती अडकलेली. ती सरकेपर्यंत बस पुढं गेली होती आणि चाचा रस्त्याच्या कडेला उभे राहून, रिकाम्या हातानं, अजून "जा, जा" करत होते.