मी न दिलेला पाठिंबा

माझा मोठा भाऊ अकोल्यात डाळ मिल चालवतो आणि त्याला वेगळं राज्य हवं आहे. मी अमरावतीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि वेगळ्या राज्यानं आपलं काही भलं होईल असं मला वाटत नाही. या एका विषयावरून आम्ही बहीणभाऊ इतके भांडलो आहोत की राखीच्या दिवशी ताटं घेण्याआधी वहिनी बजावून ठेवते, "आज विदर्भ नको. पोळ्या थंड होतात."

दादाचं म्हणणं सरळ आहे. तूर इथं पिकते, कापूस इथं पिकतो, वीज इथं तयार होते आणि पोरं मात्र कामाला पुण्याला जातात. एमआयडीसीत कारखान्यांपेक्षा बाभळी जास्त. राजधानी इतकी लांब की इथून निघालेलं गाऱ्हाणं तिथं पोचेपर्यंत शिळं होतं. राज्य लहान झालं की मंत्री हाताशी राहील.

मी म्हणते, मोठ्यातल्या मोठ्या खुर्चीवर इथली माणसं बसून आली, त्यांना कुणी अडवलं होतं? नळाच्या जोडणीपासून शाळेतल्या नोकरीपर्यंत 'भाऊंचा फोन' लागतो ही आपली सवय आहे. राज्य लहान केलं तरी सवय तेवढीच राहील.

गेल्या हिवाळ्यात दादाचा फोन आला.

"बाई, हे भांडण आता घरात नको. परिसंवाद ठेवून राहिलो. तू विरोधात बोलजो, मी बाजूनं बोलतो. पुढारी एकबी नाई. फक्त धंदा करणारे लोक."

मला खरंच आनंद झाला. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मी नीट तयारी केली, जुनी पुस्तकं काढली, आणि त्या दिवशी सकाळच्या बसनं अकोल्याला गेले.

हॉलच्या फाटकावर मला आधी दिसला तो फ्लेक्स. त्यावर हात जोडलेले साहेब, म्हणजे आमच्या भागातले मंत्री, दोन माणसांच्या उंचीचे. खाली पासपोर्टएवढे चेहरे, त्यात एक दादाचा, कुठल्यातरी लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेला. परिसंवादाचा विषय मला शोधूनही सापडला नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"हॉलवाल्यानं कुणाले तरी सांगितलं," दादा नजर चुकवत म्हणाला. "मंग साहेबांच्या माणसाचा फोन. साहेब येऊन राहिले म्हणे. आता येऊन राहिले म्हटल्यावर नाई कसं म्हणू? उद्या मिलचं काम अडकलं तर?"

"म्हणजे तू घाबरलास."

"घाबरलो नाई. सांभाळून राहिलो."

सभा अकराची होती. बारा वाजून गेले तरी साहेबांचा पत्ता नव्हता. आपण सुरू तरी करू, असं मी सूत्रसंचालकाला सुचवलं, तर मी देवाआधी नैवेद्य खाल्ल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "मॅडम, साहेबांआधी सुरू कसं करता येईल?" नांदगाव खंडेश्वरहून खास आलेले एक भाजी पिकवणारे गृहस्थ माझ्याशेजारी बसले होते. त्यांना शीतगृहाबद्दल बोलायचं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, मला नमस्कार केला आणि निघून गेले. एकेक खुर्ची रिकामी होत होती आणि मागच्या दारानं साहेबांची माणसं येऊन ती भरत होती.

दुपारी साहेब आले. त्यांचा सत्कार झाला. मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार झाला. व्यासपीठावर जागा उरली नाही म्हणून वक्त्यांना खाली पहिल्या रांगेत बसवलं. साहेब जोरदार बोलले. आपण मागास नाही, आपल्याला मागास ठेवलं, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या आवाजांत सांगितलं. वेगळ्या राज्यात ते विमानं उडवणार होते, कापडाच्या गिरण्या काढणार होते, चिखलदऱ्याला परदेशी पाहुणे आणणार होते. टाळ्या पडल्या. दादाही टाळ्या वाजवत होता, ते मी पाहिलं. मग साहेब शाल सावरत जायला उठले.

माझं डोकंच फिरलं. मी सरळ माईकपाशी गेले.

"साहेब, दहा मिनिटं ऐकून जा. आम्हाला बोलायलाच बोलावलं आहे."

साहेब हसले आणि पुन्हा बसले. "बोला ना ताई, तुमचंच राज्य आहे."

मी बोलले. वेगळं राज्य मागण्याआधी आहे त्या राज्यात आपण काय केलं ते सांगा, म्हणाले. आपल्याकडे कारखान्याचं भूमिपूजन होतं, कारखाना होत नाही, आणि पुढच्या निवडणुकीला त्याच जागेवर पुन्हा नारळ फुटतो तेव्हा आपणच टाळ्या वाजवतो, म्हणाले. आजच्या सभेत धंद्याविषयी एक शब्द निघायच्या आत दुपार झाली, हीच आपली राजकीय संस्कृती, आणि ती सोबत घेऊन मला नवं राज्य नको. मी बोलत असताना साहेब कुणाकुणासोबत फोटो काढून घेत होते. माझं संपल्यावर त्यांनी माईक मागवला.

"ताईंनी फार मोलाचं सांगितलं," ते म्हणाले. "हेच तर मी इतके दिवस म्हणून राहिलो. आता वेगळ्या राज्याशिवाय पर्याय नाही!"

घोषणा सुरू झाल्या. त्या घोषणांतच साहेब गेले, त्यांच्यामागून हॉल गेला, आणि मंडपवाला खुर्च्या गोळा करायला लागला. दादाचं भाषण राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीत सकाळीच फोन वाजू लागले. पेपरात बातमी होती: वेगळ्या राज्याला ज्येष्ठ प्राध्यापिकेचा पाठिंबा. माझी जुनी सहकारी म्हणाली, "शेवटी पटलं म्हणायचं तुला!" वलगावचे व्याही म्हणाले, "आमी तर आधीपासूनच म्हणत होतो." मी वार्ताहराचा नंबर मिळवला आणि त्याला विचारलं, तुम्ही माझं भाषण ऐकलं का?

"मॅडम, आवाज फार होता. पण साहेबांनी तसं म्हटलं ना."

"भाषण माझं होतं!"

"हो, पण सारांश साहेबांनी सांगितला."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात डबे उगाच इकडचे तिकडे करत राहिले.

दादानं त्या बातमीवर खूश व्हावं अशीच माझी अपेक्षा होती. पण तो त्याच दुपारी पेपरच्या कचेरीत गेला. "माही बहीण माह्याविरुद्ध बोलली," त्यानं तिथं सांगितलं, "अन् चांगली बोलली. तसंच छापा." हे मला वहिनीनं कळवलं. मला भरून आलं. त्याच्या बाजूची खोटी बातमी त्यानं स्वतः खोडायला जावं, हे मी चाळीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं तरी कुठल्या गणितात बसवू शकले नसते.

खुलासा छापून आला. मथळा होता: डाळ मिल मालकाचा वेगळ्या राज्याला विरोध. सोबत दादाचा फोटो.

मग काय विचारता! साहेबांच्या माणसाचा फोन आला. ज्यांच्यासोबत दादानं मोर्चे काढले, उन्हात रस्त्यावर बसला, त्या मित्रांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. पुन्हा खुलासा करायला जायची त्याची तयारी होती. वहिनीनं चप्पल लपवून ठेवली.

शेवटी त्यानं एका रविवारी मिलच्या आवारातच सभा घेतली आणि मलाही बोलावलं. फ्लेक्स नाही, हार नाही. "साहेब येणार आहेत का?" असं फाटकातूनच विचारून काही लोक परत गेले. जे उरले ते तुरीच्या पोत्यांवर बसले, आणि दादाला एकदाचं बोलायला मिळालं.

कापसाचं जिनिंग चालवणाऱ्या एकानं त्याला मध्येच थांबवलं. "तुमी म्हणता मंत्री हाताशी राहीन. त्या दिवशी हाताशीच होता ना? काय झालं?"

दादानं शेजारच्या पोत्यावर थाप मारली. मग म्हणाला, "म्हणूनच म्हणतो. आज थो आपलं पाप मुंबईवर ढकलते. राज्य इथलं झालं की त्याले ढकलायले जागाच राहणार नाई. मंग आपण त्याची कॉलर धरू."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलेला हा पहिला मुद्दा होता, ज्यानं मला विचारात पाडलं. तरी मी उत्तर देऊन टाकलं, "जागा आपण शोधून देऊ. आज मुंबईनं खाल्लं म्हणतो, उद्या नागपूरनं खाल्लं म्हणू."

सगळे हसले, कारण तसं ते आजही म्हणतात. दादा मात्र चिडून लाल झाला. पुढं तासभर तरी चांगली चर्चा झाली, डाळीची, विजेची, तयार माल बाहेर नेण्याची. मला वाटलं, हेच तर हवं होतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, आपण एक समिती करू. चहा येईपर्यंत अध्यक्षपदाला दोन उमेदवार उभे राहिले आणि एकमेकांशी बोलेनासे झाले. समितीच्या उद्घाटनाला पाहुणा कुणाला बोलवायचा, यावरही वाद पेटला.

मी पिशवी उचलली. दादा मला स्टँडवर सोडायला आला. बस सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा राहून, नागपूरचं कसं वेगळं आहे ते हातवारे करून सांगत होता, आणि मी काच वर सरकवून त्याला उत्तर देत होते.