दुपारच्या अंधारातली खुर्ची

जळगावच्या उन्हाळ्यात आम्ही खिडक्यांना गोणपाट लावून दुपारी घरात अंधार करतो. घरात आम्ही दोघेच. गेल्या वर्षापासून मी उन्हातून आत आलो, की माझी खुर्ची मला दिसत नसे. जरा वेळाने दिसे. पण पत्नीने ती नुकतीच हलवली असावी, असा मला दाट संशय येई. विचारण्याचे धैर्य मात्र होत नसे.

खरी भीती दृष्टी जाण्याची होती. गावातले डॉक्टर म्हणाले, की वयाबरोबर डोळ्यातल्या पडद्याला रक्त कमी पोहोचते आणि दिपलेला डोळा सावरायला वेळ घेतो. मला ते पटले नाही. पत्नीला घेऊन धुळ्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही तेच सांगितले, तेव्हा या दोघा डॉक्टरांचे आधीच बोलणे झाले असावे, असे वाटले.

"नाना, दृष्टी जात नाहीये. आत शिरताना जरा थांबत जा," ते हसून म्हणाले. ते हसणेही मला खटकले.

भर दुपारी परतलो. पत्नी पुढे होती. उंबऱ्यातच ती थबकली आणि तिने चौकट धरली.

"खुर्ची कुठे ठेवलीत?"

"मी?"

"मग कोण? मी बाजारातून आले, की रोज सरकवलेली असते. मुद्दामच करता ना?"

मीही चौकट धरून तिच्या शेजारी उभा राहिलो. सावकाश खुर्ची दिसू लागली, खिडकीपाशी, नेहमीच्याच जागी. पत्नीने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिचा संशय काही फिटलेला दिसला नाही.