सत्तर-दोनशे, तीन कॅरेट आणि आईचा चेहरा

रविवारी सकाळी मी निफाडला आमच्या द्राक्षबागेत, गळ्यात दीड किलोची लेन्स अडकवून उभी होते... आणि तिथे जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाहीये. पोस्ट जरा मोठी आहे, सांभाळून घ्या.

पोर्ट्रेटसाठी लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो झूम लेन्स घ्यायची, हे माझं सहा महिने चाललंय. नाशिकमध्ये मी लहान मुलांचे, साखरपुड्यांचे फोटो काढते आणि आजवर सगळं एका पन्नास एमएमच्या लेन्सवर निभावलंय. सत्तर-दोनशे घ्यावी, की वजनाला हलकी सत्तर-तीनशे? की झूमचा नाद सोडून सरळ पंच्याऐंशीची प्राइम, म्हणजे मागेपुढे न होणारी लेन्स?

रिव्ह्यू बघून बघून डोकं भंजाळलं होतं. शेवटी ठरवलं, सत्तर-दोनशे एका दिवसासाठी भाड्याने आणायची आणि सगळ्यात अवघड चेहऱ्यावर तिची परीक्षा घ्यायची.

सगळ्यात अवघड चेहरा म्हणजे माझी आई.

एरवी आई बोलायला लागली की तिचा अख्खा चेहरा बोलतो. पण कॅमेरा दिसला रे दिसला की डोक्यावर पदर, हात सरळ, ओठ घट्ट... थेट आधार कार्ड! आणि पन्नासच्या लेन्सने नुसता चेहरा घ्यायचा, तर तिच्या अगदी पुढ्यात जावं लागतं.

पुढच्या महिन्यात तिची एकसष्टी आहे. घरी हॉलमध्ये तिचा मोठा फोटो लावायचा म्हणून मी जुने अल्बम काढले, तर आईचा एकटीचा धड एकही फोटो नाही. मी फोटोग्राफर, आणि आमच्याकडे ही गत... दिव्याखाली अंधार!

बाबा गेले तेव्हाही हेच झालं होतं. चुलतभावाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून घ्यावा लागला. त्या फ्रेममध्ये बाबांच्या खांद्यावर आजही कुणाचा तरी हात दिसतो, आणि तो हात बघितला की मला स्वतःचाच राग येतो. आईच्या बाबतीत मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

तर रविवार. बागेत थिनिंग सुरू आहे, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढायचे. आई वेलींच्या दोन ओळींमध्ये उभी राहून कात्री चालवत होती. आणि मी त्याच ओळीच्या दुसऱ्या टोकाला, चांगली पंचवीस पावलं लांब.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि मी वेडीच झाले! मागची पानं पार विरघळून गेलेली, त्यातून गाळून आलेलं ऊन, आणि मधोमध आई. वेलींच्या मांडवाखाली उजेड कमी होता, तरी लेन्सच्या दोन पॉइंट आठच्या मोठ्या अ‍ॅपर्चरच्या कृपेने फोटो स्वच्छ येत होते.

पण पाच मिनिटांत त्या दीड किलोने हात भरून आले. ट्रायपॉड नाशिकला घरी राहिलेला. मग द्राक्षं भरायची प्लॅस्टिकची रिकामी कॅरेट एकावर एक अशी तीन रचली, वर माझं स्वेटर घडी करून ठेवलं आणि त्यावर लेन्स टेकवली.

सगळं जमलं, फक्त आईच जमेना. मी लांब असले तरी कॅमेरा तिच्याकडे रोखलाय हे तिला ठाऊक होतं. पदर कपाळापर्यंत आलेला, मान खाली ती खालीच.

पदर जरा मागे घे, असं ओरडून सांगावं तर शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झालेला. तीनदा ओरडले, काही उपयोग नाही. उठून जावं तर सगळी फ्रेम पुन्हा लावायला लागणार. म्हणून मी सरळ तिला फोन लावला. मोबाइल स्पीकरवर टाकून कॅरेटवर ठेवला, डोळा व्ह्यूफाइंडरला आणि बोट शटरवर.

आईने कात्री वेलीला अडकवली. पदराला हात पुसले, कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि लांब धरून नाव वाचलं...

आणि तिचा चेहरा असा काही उजळला!

भुवया वर, डोळे बारीक, सगळ्या सुरकुत्या एकदम हसल्या. पदर केव्हाच खांद्यावर आला होता. मी समोर आहे, हेसुद्धा ती त्या क्षणी विसरली होती. माझं बोट शटरवर दाबलेलंच राहिलं.

"बोल पोरी... जेवली का?"

सकाळचे नऊ वाजले होते, अन् तासाभरापूर्वी तिनेच मला दोन भाकरी वाढल्या होत्या. मग तिने वर बघितलं, मी दिसले, तशी ती कमरेत वाकून हसायला लागली. मी पटकन झूम मागे घेतली आणि तेही फोटो मिळाले. पंच्याऐंशीची प्राइम असती तर आधी तिच्या जवळ जावं लागलं असतं, आणि मग हे हसू कसलं मिळतंय!

आणि मग मी इकडे कॅरेटवर डोकं टेकवून रडायला लागले. गेली अकरा वर्षं मी नाशिकहून तिला फोन करतेय. कधी गाडीवरून, कधी घाईत, कधी "आई, नंतर बोलते गं" म्हणून लगेच ठेवलेला. माझं नाव स्क्रीनवर आलं की तिचा चेहरा असा होतो, हे मला कसं दिसणार? मी कायम दुसऱ्या टोकाला!

आईला फोटो दाखवला, तर म्हणाली, "लय चांगला आलाय गं... पण हातात फोन हाय, लोकं काय म्हणतील?"

फोन राहणार आहे, आई. हॉलमध्ये, बाबांच्या फोटोशेजारी, फोनसकट.

लेन्सचं म्हणाल तर सत्तर-दोनशेच ठरली. जड आहे, खांदा अजून दुखतोय... पण दुखू दे. काल रात्री मुद्दाम जेवून आईला फोन केला, तरी तिचा पहिला प्रश्न तोच. फक्त या वेळी रिंग जात असतानाच मला तिचा चेहरा दिसत होता.