माल्टाचं विमान आणि दशम्यांचा डबा

माझ्या फजित्या तुमच्या कानावर आल्या असतीलच. त्या न ऐकलेला मराठी माणूस वेस्ट लंडनमध्ये सापडणं कठीण. ब्रॅकनेलच्या ऑफिस पार्टीला मी जोधपुरी घालून दारात उभा राहिलो आणि येणारे एकेक करून आपले ओव्हरकोट माझ्या हातात देत गेले — ती. स्टॅनमोरला सत्यनारायणाला म्हणून निघालो, भलत्याच घराची बेल वाजवली आणि तिथल्या म्हाताऱ्या गोऱ्या बाईने मला चहा पाजून पाठवलं — ती. मीच सांगतो आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसतो.

माल्टाचीही गोष्ट सांगतो मी. विमान उतरल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून माझ्या आईनेही वाजवल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या एअर होस्टेसला मराठीत म्हणाली, "फार छान चालवलंत हो." इथे आमच्या मराठी मंडळातली मंडळी हमखास हसतात. पण मधला एक तुकडा मी गाळतो. जेवणाचा ट्रे येतो तो. तो कधी कोणाला सांगितलेला नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगून हलकं वाटेल, अशी काही अपेक्षा नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच आमच्याकडे ईलिंगला आली. पुण्याहून येताना विमानात तिने फक्त केळी खाल्ली होती. अंडंही न शिवणारी बाई. आमच्या घरात तिच्यासाठी वेगळा तवा, वेगळी कढई. बिस्किटाचा पुडा समोर ठेवला तरी आधी प्रश्न — "यात काय आहे रे?" मग माझी बायको शुभा पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचणार, आई चष्मा पुसत ऐकणार आणि मग बिस्किट खाल्लं जाणार. शुभाला त्याचं काही वाटत नसे. मला वाटे. मी बाहेर कोंबडी खायचो, आईला ते ठाऊक नव्हतं. चोराला पहारेकरी आवडत नाही, त्यातलाच प्रकार.

ऑक्टोबर होता. रोज पाऊस. "इथला सूर्य रजेवर असतो का रे?" असं आईने विचारलं आणि मला उदार व्हायची हुक्की आली. शुभाला सुट्टी नव्हती. म्हटलं, मी आईला माल्टाला नेतो, ऊन दाखवतो. तिकिटं त्यांच्याच देशाच्या विमान कंपनीची काढली. आईला ते फार पटलं. "दुसऱ्याच्या गावी जायचं तर त्यांच्याच गाडीने जावं."

शुभा म्हणाली, "अहो, एजंटला व्हेजिटेरियन मील सांगा हं. आयत्या वेळी देत नाहीत ते."

"सांगितलं," मी म्हणालो.

सांगितलं नव्हतं. उद्या फोन करीन असं म्हणत राहिलो आणि विसरलो. इथवरची गोष्ट मी मंडळात सांगू शकलो असतो. विसरण्याला लोक हसतात, माफही करतात. पण मी जे सांगणार आहे, ते विसरणं नव्हतं.

हीथ्रोला विमानात बसलो, तर पलीकडच्या सीटवर कोण? रॉजर. ब्रॅकनेलचा माझा मॅनेजर, बायकोबरोबर सुट्टीला निघालेला. चांगला माणूस. म्हणजे काय — एकदा मी ऑफिसात माझा डबा गरम केला, तेव्हा तो काही बोलला नव्हता. नुसता उठला, खिडकी उघडली आणि परत जागेवर बसला. दुसऱ्या दिवसापासून मी सँडविच न्यायला लागलो. कोणी सांगितलं होतं मला? कोणीच नाही.

विमान धावपट्टीवर वेग घ्यायला लागलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या माल्टाच्या दोन म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. आईने हात जोडले. "देवाधर्माची माणसं दिसतात," ती समाधानाने म्हणाली. त्या कंपनीवर तिचा जो विश्वास बसला, तो तिथेच.

मग ट्रॉली आली. एअर होस्टेसने विचारलं — चिकन की बीफ? मी हळू आवाजात व्हेजिटेरियनचं विचारलं. तिच्याकडे तशी नोंद नव्हती. पण ती म्हणाली, थांबा, मी पुढे विचारून बघते, ब्रेड आणि सॅलडचं काहीतरी जमवते. हे नीट लक्षात घ्या — ती जमवायला तयार होती. तेवढ्यात रॉजरने आमच्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं, जसं कोणीही पाहील. आणि आई सीटखालची पिशवी ओढत म्हणाली, "असू दे रे बंड्या, माझ्या दशम्या आहेत की."

त्या पिशवीत पितळी डबा होता. दशम्या, आणि वर कागदात बांधलेलं मिरचीचं लोणचं. हिंग घातलेलं. झाकण उघडलं असतं तर तो वास कुठवर गेला असता, याचा हिशोब मी रॉजरच्या नाकापर्यंत करून मोकळा झालो होतो. म्हणजे — आई उपाशी राहणार नव्हती. कुठलीही अडचण नव्हती. माझी एकच अडचण होती, तो डबा.

मी एअर होस्टेसला म्हणालो, राहू दे, चिकन द्या. दोन्ही चिकन.

बीफ नाही हं, चिकन. तेवढा धर्म मी पाळला. हसू नका — तेव्हा मला खरंच वाटलं होतं की मी काहीतरी पाळलं.

"डबा नको काढू आई," मी म्हणालो. "हे सोयाबीन आहे. शुभाने परवा केलं होतं ना, तसलंच."

"तू सांगून ठेवलं होतंस?"

"हो."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. यात काय आहे, असं नेहमीसारखं विचारलं नाही. पोराने सांगितल्यावर काय विचारायचं? चिकनवरचं मैद्याचं पापुद्र्यासारखं झाकण काट्याने बाजूला केलं आणि पहिला घास घेतला. जिने ती चव कधी घेतलीच नाही, ती ओळखणार कशी?

"चांगलं आहे रे," ती म्हणाली. "शुभाचं जरा चिवट झालं होतं. तिला सांगू नकोस हं." आणि पावाच्या तुकड्याने सगळा रस पुसून खाल्ला.

मला काय वाटलं, ते सांगायला हवं. तेवढ्यासाठीच तर हे लिहायला बसलो. भीती वाटली असं लिहिलं तर बरं दिसेल. वाटली नाही. लाजही वाटली नाही. वाटली ती — गंमत. थोडीशी. इतकी वर्षं बारीक अक्षरं वाचून घेणारी ही बाई, बघा, किती चवीने खातेय. मग तीही ओसरली. मी माझा ट्रे संपवला. खिडकीतून ढग दिसत होते.

उतरल्यावर, सामानाच्या पट्ट्यापाशी उभे असताना, आईने तो डबा उघडलाच. दशम्या वाया जातील म्हणून. मी काही बोलायच्या आत तिने तो रॉजरपुढे धरला. त्याने एक घेतली, लोणच्यासकट खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, "व्हेरी नाइस" म्हणाला आणि ट्रॉली शोधायला गेला. बस, एवढंच झालं. इतक्या साध्या गोष्टीला मी भ्यालो होतो.

माल्टात ऊन होतं. पिवळ्या दगडाची घरं, निळं पाणी. आई खूश होती. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तिचा तो प्रश्न बंद झालाय. बेकरीत मी वाटाण्याचं सारण भरलेली, करंजीसारखी पेस्ट्री घेतली — खरोखर वाटाण्याची होती — तर तिने पाहिलंही नाही. सरळ तोंडात घातली. "तू बघून घेतोस ना," म्हणाली. खाऊन झाल्यावर पुढे म्हणाली, "विमानातलं जास्त चांगलं होतं."

घरी परतल्यावर तिने शुभाला सांगितलं, मग मंडळातल्या बायकांना, मग पुण्यातल्या सगळ्या गोतावळ्याला — परक्या देशाच्या विमानातसुद्धा माझ्या बंड्याने माझं खाणं आधी सांगून ठेवलं होतं. शुभाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. अशी नजर माझ्या वाट्याला क्वचितच येते. ती मी ठेवून घेतली.

कधी कधी मनात येतं, आईला कळलं असेल. कळून तिने मला सांभाळून घेतलं असेल. पण नाही. हे मी माझ्या सोयीसाठी रचलेलं आहे. तिला कळलं नव्हतं. तिने विश्वास ठेवला होता.

नव्वदच्या दशकात ती पुण्यात आजारी पडली. मी गेलो. दुपारची वेळ होती, हॉस्पिटलच्या खोलीत मावशी बसली होती. बोलता बोलता आई तिला म्हणाली, "एक बरं झालं बघ. माझं खाणं शेवटपर्यंत बाटलं नाही. समुद्र ओलांडला, विमानांत जेवले, तरी नाही. विचार ह्याला."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. आईनेही.

"हो," मी म्हणालो. "खरं आहे."

मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही आणि दोन दिवसांनी ती गेली तेव्हाही नाही. त्या दुपारी, मी "हो" म्हटल्यावर, आईने पाणी मागितलं. मावशीने आणलेला फळांचा रस तिथेच होता, मी तोच पेल्यात ओतून पुढे केला. तिने पेल्यात डोकावून पाहिलं नाही. माझ्या हातून घेतला आणि प्यायली.