बुडबुड्यातला प्रधान

हसताना कवळी निसटते, म्हणून पुस्तक उघडायच्या आधीच सासूबाई ती काढून वाटीत ठेवायच्या. कवळी सुनेनंच बनवलेली. लग्नाआधीपासून सून कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. मेणात एकेक दात बसवायचा, त्याचा कल पाहायचा. दिवसभर टेबलावर चेहरे नसलेली हास्यं मांडलेली असायची. तिथं तिला सगळे दातवाली म्हणत. मग सासूबाई घरात घसरून पडल्या, कंबरेखालचं बळ गेलं आणि दातवाली घरी बसली.

घर म्हणजे आता एक पलंग आणि समोरच्या इमारतीची भिंत दाखवणारी एक खिडकी. सासूबाईंनी पेल्यावर चमचा वाजवला की हातातलं टाकून उठायचं. नवऱ्याला काही विचारावं, तर तो म्हणे, "तुम्हा दोघींच्या मध्ये मी पडत नाही."

त्यानंच कुठूनसं ते मुखपृष्ठ फाटलेलं पुस्तक आणलं होतं. त्यातल्या राज्यात घड्याळ शिंकलं की सगळी प्रजा तासभर मागं जायची. राजवाड्याचा जिना गुडघेदुखीचं कारण सांगून रजेवर गेला होता.

"हा काय पोरकटपणा!" सासूबाई पहिल्या दिवशी फिस्कारल्या. दुसऱ्या दिवशी चमचा वाजला. "अगं, त्या जिन्याला रजा मिळाली का?"

वाचून दाखवताना दातवालीलाही मोकळं वाटायचं. त्या राज्यात कशालाच कारण नव्हतं, म्हणून कुणाचा दोषही नव्हता. या घरात सासूबाई पडल्या त्या ओल्या फरशीला कारण होतं. फरशी तिनं पुसली होती. हे दोघींना माहीत होतं आणि दोघी त्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या.

आज सकाळी कारखान्याच्या मालकांचा फोन आला. "सकाळपाळीची जागा रिकामी झालीये. संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर दुसरी बघतो."

तिनं लगेच शेजारणीच्या ओळखीतली एक मदतनीस बाई बोलावली. बाई भली होती, हलक्या हाताची. कूस बदलून दिली, केस विंचरले. सासूबाईंनी सगळं करून घेतलं आणि पुस्तक पुढं केलं.

बाई औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तशी वाचू लागली. मग थांबली. "घड्याळ शिंकलं? अहो आजी, घड्याळ कसं शिंकेल? छपाईची चूक असणार."

सासूबाईंनी कवळी तोंडातून काढलीच नव्हती. बाई निघून गेल्यावर त्या म्हणाल्या, "ही नको. कुणीच नको. तू वाचतेस तसं कुणाला येणार आहे?"

दातवालीला आता कळलं. इतके दिवस आवाज बदलून, डोळे फिरवून, जीव ओतून वाचलं. आपल्याच हातांनी आपल्याला कुलूप घातलं होतं. मालकांना नकार कळवायला तिनं फोन हातात घेतला, खाली ठेवला आणि पलंगाशी येऊन बसली. सासूबाईंनी कवळी वाटीत टाकली.

प्रधान साबणाच्या बुडबुड्यात अडकतो, तिथं ती आली आणि थांबली.

"पुढं?"

"पुढचं कामावरून आल्यावर."

"मग राहू दे त्याला आतच. मला घाई नाही. मी कुठं जाणारेय?"

खिडकीतल्या भिंतीवरचं ऊन वर सरकत होतं. मग सासूबाईंनीच विचारलं, "आत त्याला जेवायला कोण घालतं?"

पुस्तकात तसं काहीच नव्हतं. तिनं पान उलटल्यासारखं केलं. "एक बाई येते. वाचता येत नाही धड, पण हात हलका आहे."

"सगळा दिवस?"

"सकाळपुरती. दुपारी राणी परत येते."

"आणि राणी मधल्या वेळात काय करते?"

"दात बसवते."

सासूबाईंचं बोळकं हललं. त्या हसत होत्या की नाही, सांगणं कठीण होतं. त्यांनी चमचा उचलला, पण वाजवला नाही. नुसता बोटांत फिरवत राहिल्या.

"येऊ दे मग सकाळपुरती," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "पण तिला बजावून ठेव. आमचं घड्याळ शिंकतं. कसं, ते विचारायचं नाही."